कमी उष्मांक, पूर्ण पोषण: सोलापूरच्या ताटातून सुरुवात करताना या चुका टाळा

दीर्घकाळ निरोगी राहण्यासाठी रोजचे उष्मांक बेताने कमी करावेत आणि पोषण मात्र तसूभरही घटू देऊ नये, हा विचार आता सोलापुरातही पुष्कळ जणांनी मनावर घेतला आहे. सुरुवात उत्साहाने होते. पण दोन-तीन महिन्यांत थकवा, चिडचिड, केस गळणे अशा तक्रारी सुरू होतात आणि सगळे जिथल्या तिथे येते. मला यामागे बहुतेक वेळा एकच कारण दिसते. ताटातले जे कमी करायला हवे ते तसेच राहते आणि जे राखायला हवे त्यावर पहिली कात्री चालते. भाकरी निम्मी होते, आमटी पातळ होते, रात्रीचे दही बंद होते. तेल, साखर आणि संध्याकाळच्या चहाबरोबरचे फरसाण मात्र कोणाच्याच हिशोबात येत नाही.

अपेक्षा अवाजवी ठेवणे

उष्मांक घटवल्याने माणसाचे आयुष्य अमुक वर्षांनी वाढते, असे आजवर कोणीही सिद्ध केलेले नाही. १९३५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी उष्मांकांवर, पण पुरेशा जीवनसत्त्वांवर व क्षारांवर वाढवलेले उंदीर अधिक काळ जगल्याचे दाखवले आणि तिथून या विषयाला चालना मिळाली. पुढे माकडांवरील दोन दीर्घ प्रयोगांचे निष्कर्ष मात्र जुळले नाहीत. विस्कॉन्सिन येथील प्रयोगात २००९ साली फायदा दिसला, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या प्रयोगात २०१२ साली आयुष्यमान वाढल्याचे आढळले नाही. दोन्हीकडच्या आहारात फरक होता आणि विस्कॉन्सिनच्या माकडांच्या खाद्यात साखर बरीच जास्त होती. म्हणजे किती खाल्ले याबरोबरच काय खाल्ले, याचाही विचार करावाच लागतो.

माणसांबाबतचा सर्वांत उपयोगी पुरावा ‘कॅलेरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी चाचणीतून मिळाला. तीत लठ्ठ नसलेल्या २१८ तरुण व मध्यमवयीन व्यक्ती दोन वर्षे सहभागी होत्या. ज्यांना उष्मांक घटवायचे होते, त्यांच्यासमोर २५ टक्के कपातीचे उद्दिष्ट होते. तज्ज्ञांची साथ असूनही प्रत्यक्षात सरासरी १२ टक्क्यांच्या आसपासच कपात साधली. तेवढ्यानेही रक्तदाब, वाईट कोलेस्टेरॉल आणि इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारला. त्याच वेळी खुब्याच्या व मणक्याच्या हाडांची घनता थोडी घटली आणि काही स्नायूही गेले. म्हणून घरच्या घरी सुरुवात करणाऱ्याने २५ टक्क्यांचा आकडा डोक्यातून काढून टाकावा आणि १० ते १२ टक्क्यांवर समाधान मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चुकीच्या ठिकाणी कात्री

साधारण १६० सेंटीमीटर उंचीच्या, ५८ किलो वजनाच्या आणि बैठे काम करणाऱ्या चाळिशीतील गृहिणीचे उदाहरण घेऊ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला दिवसाला सुमारे १,६६० उष्मांक लागतात. आपल्या उदाहरणासाठी १,७०० धरले, तर १२ टक्के म्हणजे जवळपास २०० उष्मांकच कमी करायचे आहेत. हे २०० कुठून काढायचे, या प्रश्नावर सगळे अवलंबून आहे.

चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा तेलाचा डबा संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल येते, म्हणजे ३४० उष्मांक. डबा उघडला त्या दिवसाची तारीख त्याच्यावर लिहून ठेवावी. घरातील तेलाचा याहून खरा हिशोब दुसरा नाही. तोच वापर तीन लिटरवर आणला, तर माणशी रोजचे सुमारे १३५ उष्मांक वाचतात आणि भाजीची चवही बिघडत नाही. कालवण शिजल्यावर वर आलेली तर्री पळीने काढून बाजूला ठेवली, तरी बराच फरक पडतो. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असेल, तर तिचेच १३० ते १६० उष्मांक होतात. साखर निम्मी केली की ६५ ते ८० गेले. म्हणजे भाकरीच्या टोपलीला हात न लावता २०० चा आकडा गाठता येतो. हे आधी करून पाहावे आणि मगच भाकरी मोजायला बसावे.

भाकरी मोजतानाही एक गोष्ट नेमकी सोलापूरकरांची चुकते. कडक भाकरी हाताला हलकी लागते, म्हणून ती पचायला आणि हिशोबालाही हलकी समजली जाते. प्रत्यक्षात तिच्यातले पाणी उडालेले असते. पीठ तेवढेच आणि उष्मांकही तेवढेच. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी मऊ असो वा कडक, तिच्यात सुमारे १७० उष्मांक असतात. शिवाय कडक भाकरी जाता-येता मोडून खाल्ली जाते आणि किती खाल्ली याचा पत्ता राहत नाही. तेव्हा मोजायचे ते परातीत घेतलेले पीठ, तयार भाकरीचे वजन नव्हे. स्वयंपाकघरात डिजिटल वजनकाटा ठेवून पहिले दोन आठवडे पीठ, डाळ आणि चटणी मोजून घेतली, की पुढे नजर बसते.

चटणीचा उल्लेख मुद्दाम केला. शेंगाचटणीवाचून इथले जेवण पुरे होत नाही आणि ती सोडावी असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण शेंगदाण्यात प्रथिने भरपूर असतात. परंतु पोहे खाण्याच्या चमच्याने शिगोशीग दोन चमचे वाढून घेतले, तर २० ते २५ ग्रॅम चटणी ताटात येते आणि तिचे ११० ते १३० उष्मांक होतात. वर कच्च्या तेलाची धार सोडली की आणखी ४५. तेलाऐवजी दही घेतले, तर चटणीचा तिखटपणाही सौम्य होतो आणि प्रथिनांत भरच पडते.

प्रथिनांकडे दुर्लक्ष

ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण तिचे परिणाम उशिरा दिसतात. निरोगी प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, अशी आपल्याकडील शिफारस आहे. उष्मांक घटवताना ते प्रमाण किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडे अधिक ठेवणे शहाणपणाचे, अन्यथा शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळू लागते. ५८ किलोच्या आपल्या गृहिणीला म्हणजे ५८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतील. ५० ग्रॅम पिठाच्या चार भाकऱ्यांतून सुमारे २० ग्रॅम मिळतात. ४० ग्रॅम कोरड्या तूरडाळीची घट्ट आमटी आणि तेवढ्याच मटकीची किंवा हुलग्याची उसळ मिळून १७ ते १८, दोन वाट्या दह्यातून सहा-सात, एक पेला दुधातून तेवढीच, आणि चटणीतून पाच. बेरीज ५४ ते ५७ पर्यंत पोहोचते आणि पालेभाजी उरलेली तूट भरून काढते. हे सगळे मोजक्या तेलात शिजवले, तर उष्मांक १,५०० ते १,६०० च्या दरम्यान राहतात. अंडी खाणाऱ्यांचे काम तर आणखी सोपे होते, कारण एका अंड्यात सुमारे ७५ उष्मांकांत सहा ग्रॅम प्रथिने मिळतात.

आता हीच गृहिणी दोन भाकऱ्या, पळीभर पातळ आमटी आणि काकडीच्या फोडी यांवर राहिली, तर तिच्या पोटात दिवसभरात जेमतेम १५ ग्रॅम प्रथिने जातील. वजनाचा काटा उतरताना पाहून तिला आनंद होईल, पण उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा किती, हे काटा सांगत नाही. स्नायू टिकवायचे तर आठवड्यातून दोन-तीन दिवस वजन उचलण्याचा किंवा उठाबशांसारखा ताकदीचा व्यायाम हवाच. सिद्धेश्वर तलावाभोवतीचे चालणे उत्तम आहे, परंतु हाडे आणि स्नायू राखायला ते एकटे पुरत नाही.

शाकाहारी मंडळींनी बी-१२ जीवनसत्त्वाबाबत भाकरी-भाजीवर विसंबू नये, कारण ते वनस्पतीजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत त्याची कमतरता अधिक आढळते. लोहासाठी मेथी, चाकवत आणि कडधान्ये खाताना वर लिंबू पिळावे आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. कॅल्शियमसाठी दूध-दह्याबरोबर नाचणीचा उपयोग होतो. ‘कॅलेरी’ चाचणीतही कपात करणाऱ्यांना जीवनसत्त्वांच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या जात होत्या, हे लक्षात घ्यावे.

उपवास आणि उष्मांककपात यांची गल्लत

अक्कलकोटच्या स्वामींचा गुरुवार, पंढरीची एकादशी, श्रावणातले सोमवार आणि नवरात्र एवढे सगळे पाळणाऱ्या घरांत ‘आमची कपात आपोआपच होते’ असे सांगितले जाते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच रूढ झालेली नाही. ७५ ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचे कूट, दोन चमचे तूप आणि अर्धा बटाटा घालून केलेल्या एका बशी खिचडीचे ५०० हून अधिक उष्मांक होतात आणि साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. श्रद्धेने केलेल्या उपवासाबद्दल मला पूर्ण आदर आहे. उपवासाच्या दिवशी पोषणही राखायचे असेल, तर थोडी भगर, दाण्याची आमटी, दही, दूध, राजगिरा आणि फळे, विशेषतः आपल्याकडची डाळिंबे, यांवर तो दिवस नीट निभतो.

दिवसभर काही न खाता रात्री दहा वाजता पोटभर जेवणे हीदेखील त्याच जातीची चूक आहे.

वेळ आणि माणूस न पाहता सुरुवात

एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४२-४३ अंशांवर असताना, सोलापुरात ही सुरुवात करू नये. अन्न कमी झाले की त्यातून मिळणारे पाणी आणि क्षारही कमी होतात. त्यात घाम आणि रक्तदाबाच्या गोळ्या यांची भर पडली की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पावसाळा संपल्यानंतरचे दिवस त्यासाठी सोयीचे आहेत. तरीही उन्हाळा मध्ये येईलच. त्या काळात मीठ घातलेले ताक आणि पुरेसे पाणी घ्यावे आणि कपात थोडी सैल करावी. हुरड्याच्या दिवसांत शेतावर गेल्यावर हुरडा, चटणी आणि दही मनापासून खावे. एका दिवसाने काही बिघडत नाही. नातेवाइकांच्या पंगतीत आग्रह होतो तेव्हा आधी वाटीभर आमटी, भाजी आणि कोशिंबीर संपवावी, म्हणजे पुढच्या ‘अजून एक घ्या’ला नम्रपणे नाही म्हणता येते.

अठरा-वीस वर्षांपर्यंतची मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मुळातच सडपातळ माणसे, आणि पूर्वी खाण्याविषयीचा मानसिक विकार झालेल्या व्यक्ती यांनी या वाटेला जाऊ नये. सत्तरीच्या पुढील व्यक्तींनी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय वजन उतरवू नये. यंत्रमागावर पाळी करणाऱ्या किंवा दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या माणसाची गरज बैठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक असते. त्याने वरचे आकडे स्वतःला लावू नयेत. ज्या स्त्रियांचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आहे त्यांनी आधी ते सुधारावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी डॉक्टरांना न सांगता जेवण घटवले, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. सुरुवातीपूर्वी हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉईड, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी.

त्रास झाला तर काय तपासावे

सतत भूक लागत असेल, तर ताटातली डाळ, उसळ आणि पालेभाजी मोजावी. बहुधा तिथेच कमतरता सापडते. बद्धकोष्ठता झाली, तर तेल आणि पाणी दोन्ही फार घटले आहेत का ते पाहावे. वजन उतरणे महिनाभर थांबले, तर लगेच भाकरी कमी न करता तेलाच्या डब्यावरची तारीख आणि चमचे पुन्हा तपासावेत, कारण हात हळूहळू सैल होतोच. शिवाय शरीर कमी उष्मांकांशी जुळवून घेते आणि वजन एका पातळीवर स्थिरावते. दीर्घकालीन आरोग्य हा हेतू असेल, तर हे स्थिरावणे अपेक्षितच आहे.

थंडी नेहमीपेक्षा जास्त वाजणे हे सौम्य कपातीतही घडते. परंतु सतत अन्नाचेच विचार येणे, उदास वाटणे, पायांवर सूज येणे ही वेगळी लक्षणे आहेत. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने निम्म्याच्या आसपास अन्नावर ठेवले होते, तेव्हा त्यांच्यात नेमकी हीच लक्षणे दिसली. ते अन्न मुख्यतः पाव, बटाटे आणि सलगम यांचे होते. ती उपासमार होती आणि पोषण राखून केलेल्या कपातीशी तिची गल्लत करू नये.

आठवड्याला अर्ध्या किलोहून अधिक वजन उतरत असेल, तर रोजच्या जेवणात १५०-२०० उष्मांक परत वाढवावेत. वेगाने उतरणाऱ्या वजनाने पित्ताशयात खडेही होऊ शकतात. केस गळणे सहसा दोन-तीन महिन्यांनी सुरू होते, तेव्हा प्रथिने आणि लोह यांचा हिशोब मागे जाऊन पाहावा. १६० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ५३-५४ किलोवर आले की आणखी उतरवण्याची गरज नाही आणि साडेसत्तेचाळीस किलोच्या खाली ते कोणत्याही परिस्थितीत जाऊ देऊ नये. पाळी अनियमित झाली किंवा थांबली, चक्कर वारंवार येऊ लागली, तर त्याच दिवसापासून पूर्वीइतके जेवण सुरू करावे आणि मोजमापाची वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.