सीएससी परीक्षेची तयारी: हृदयशस्त्रक्रियेनंतरचे पहिले ४८ तास

अमेरिकेतल्या कार्डियाक सर्जरी आयसीयूत काम करणाऱ्या नर्सला वेगळी ओळख देणारी परीक्षा म्हणजे सीएससी (कार्डियाक सर्जरी सर्टिफिकेशन). एएसीएन ही क्रिटिकल केअर नर्सची संघटना आणि तिचे सर्टिफिकेशन कॉर्पोरेशन ही परीक्षा घेते. तिचा रोख प्रौढ रुग्णाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या ४८ तासांवर असतो. तयारीही त्याच ४८ तासांभोवती बांधायची.

अर्ज करण्यापूर्वी

महाराष्ट्रातून विचारणा करणाऱ्यांसाठी आधीच सांगितलेले बरे: पुण्या-मुंबईतल्या अनुभवावर आणि भारतीय नोंदणीवर थेट या परीक्षेला बसता येत नाही. अमेरिकेचा आरएन (नोंदणीकृत नर्स) परवाना हवा, म्हणजे त्याआधी एनक्लेक्स ही परवाना परीक्षा आलीच. शिवाय सीएससी ही जोड-परीक्षा आहे. सीसीआरएन (अतिदक्षता) किंवा पीसीसीएन (प्रोग्रेसिव्ह केअर) यांसारखे एखादे मूळ क्लिनिकल सर्टिफिकेशन हातात असावे लागते आणि ते चालूही असावे लागते.

अनुभव मोजण्याच्या दोन वर्षांच्या पर्यायात गंभीर प्रौढ रुग्णांच्या थेट देखभालीचे १,७५० तास लागतात, त्यातले ८७५ शेवटच्या वर्षातले. याखेरीज हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांसोबतच्या तासांची वेगळी अट आहे. हे तास ड्युटीच्या नोंदींवरून आधीच मोजून ठेवा. अर्ज पडताळणीला निघाला की अंदाजाने लिहिलेला आकडा अडचणीत आणतो. एएसीएनच्या संकेतस्थळावरून चालू हँडबुक उतरवून घ्या. मैत्रिणीकडची दोन वर्षे जुनी प्रत वापरू नका, विषयांची वाटणी बदलत असते.

वेळापत्रक

अर्ज मंजूर झाला की परीक्षेसाठी ९० दिवसांची मुदत मिळते. म्हणून अर्जाआधी चार आठवडे आणि मंजुरीनंतर सहा, असे दहा आठवडे धरा. बारा तासांच्या शिफ्टच्या दिवशी अभ्यास होत नाही, हे मान्य करून टाकलेले बरे. सुट्टीच्या तीन दिवसांत दीड-दीड तास पुरतो.

पहिले दोन आठवडे हिमोडायनॅमिक्स (रक्तदाब आणि रक्तप्रवाहाचे गणित), कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. सूत्र नुसते पाठ करू नका, रोज एक रुग्ण सोडवा. सरासरी रक्तदाब ७०, सीव्हीपी (मोठ्या शिरेतला दाब) १४, कार्डियाक आउटपुट (हृदय मिनिटाला फेकते ते रक्त, लिटरमध्ये) ४ असेल तर एसव्हीआर (रक्तवाहिन्यांचा विरोध) किती? ७० वजा १४ म्हणजे ५६, गुणिले ८०, भागिले ४, उत्तर १,१२०. नेहमीची मर्यादा ८०० ते १,२००. कार्डियाक इंडेक्स (शरीराच्या आकारमानाने भागलेला आउटपुट) २.२ च्या खाली गेला की काहीतरी बिघडतेय, असे धरून पुढचा प्रश्न वाचायचा.

पुढचे पाच आठवडे गुंतागुंतींचे: रक्तस्राव, टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त साचून त्यावर दाब येणे), कमी आउटपुट, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके), पेसिंग (वायरमधून वीज देऊन ठोके चालवणे), बलून पंप (महाधमनीत फुगून-रिकामा होऊन हृदयाला मदत करणारा बलून). शेवटचे तीन फक्त सराव प्रश्न आणि चुकलेल्या प्रश्नांची वही.

जिथे गुण जातात

पहिली जागा टॅम्पोनाड. प्रश्न साधारण असा असतो: बायपास होऊन चार तास झाले, छातीतल्या ड्रेनमधून (रक्त बाहेर काढणाऱ्या नळीतून) तासाला १२० मिलिलिटर येत होते, आता १० येतात. सीव्हीपी ८ वरून १८ वर, पल्मनरी डायस्टोलिक (फुप्फुसाच्या धमनीतला खालचा दाब) १९, वेज (हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब) १८, रक्तदाब ८८/६०, लघवी तासाला १५ मिलिलिटर. घाईत वाचणाऱ्याला ड्रेन कमी झाल्याचा आनंद होतो आणि फ्युरोसेमाइडचा (लघवी वाढवणाऱ्या औषधाचा) पर्याय बरा वाटतो. पण रक्त थांबलेले नाही, ड्रेन गुठळीने बंद झालाय. रक्त हृदयाभोवती साचतेय, म्हणून तिन्ही दाब एका पातळीवर आलेत. सलाइनने थोडा वेळ मिळतो. खरे उत्तर सर्जनला बोलावून छाती पुन्हा उघडण्याची तयारी करणे हे आहे. असा प्रश्न एकेका आकड्यावर सुटत नाही, कोणता आकडा कुठून कुठे गेला ते पाहावे लागते.

दुसरी जागा पेसिंग. अनेक युनिटमध्ये पेसरला हात लावायचे काम दुसऱ्याच कोणाचे असते, त्यामुळे हा भाग कच्चा राहतो. रुग्णाच्या उजवीकडून निघणाऱ्या वायर सहसा एट्रियमच्या, डावीकडच्या व्हेंट्रिकलच्या. मिलिअँपिअर हळूहळू कमी करत जा. कॅप्चर (पेसरच्या प्रत्येक इशाऱ्याला हृदयाचा ठोका) सुटले की पुन्हा वाढवा. जिथे कॅप्चर परत येते तो थ्रेशोल्ड. ५ ला आले तर सेटिंग दुप्पट, म्हणजे १० ठेवा. सेन्सिंगमध्ये (रुग्णाचे स्वतःचे ठोके ओळखण्यात) बहुतेकांची गल्लत होते, कारण आकडा उलटा चालतो. मिलिव्होल्टचा आकडा म्हणजे मधल्या भिंतीची उंची समजा. भिंत उंच असेल तर पेसरला रुग्णाचे स्वतःचे ठोके दिसत नाहीत आणि तो भलत्या वेळी, कधी ईसीजीतल्या टी वेव्हवरही, ठोका देतो. अशा वेळी आकडा कमी करायचा. युनिटमध्ये जुना पेसर बॉक्स पडून असेल तर एजुकेटरकडून मागून घ्या आणि अर्धा तास नुसती बटणे फिरवा. दहा पाने वाचण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडते.

बलून पंपचे टायमिंग १:२ वर (दर दुसऱ्या ठोक्याला बलून) ठेवून तपासतात. डायक्रोटिक नॉचला (एओर्टिक व्हॉल्व मिटल्याची दाबाच्या आलेखातली खाच) बलून फुगला पाहिजे आणि सिस्टोलच्या (हृदयाच्या आकुंचनाच्या) अगदी आधी रिकामा झाला पाहिजे. चार चुकांपैकी घातक दोन: लवकर फुगणे आणि उशिरा रिकामे होणे. लवकर फुगला तर एओर्टिक व्हॉल्व वेळेआधी मिटते. उशिरा रिकामा झाला तर डावे व्हेंट्रिकल फुगलेल्या बलूनवर डोके आपटत राहते. नळीत रक्त दिसले तर बलून फाटलाय: पंप बंद, लगेच सर्जनला फोन. एओर्टिक व्हॉल्व मोठ्या प्रमाणात गळत असेल तर बलून लावायचाच नाही.

तिसरी जागा अरेस्ट (हृदय बंद पडणे). एसीएलएस (हृदय बंद पडल्यावरचे नेहमीचे प्रशिक्षण) पाठ असलेल्यांची इथे जास्त फसगत होते. छाती नुकतीच उघडून शिवलेली असते, म्हणून क्रम वेगळा. व्हीएफ (खालच्या कप्प्यांची नुसती थरथर) असेल आणि शॉक मिनिटभरात देता येत असेल तर आधी लागोपाठ तीन शॉक, मग छातीवर दाब. असिस्टोल (ठोकाच नाही) असेल तर आधी वायरवरून पूर्ण आउटपुटने पेसिंग. एपिनेफ्रिनचा नेहमीचा १ मिलिग्रॅमचा डोस नाही, कारण हृदय सुरू झाले की रक्तदाब उसळतो आणि टाके सुटतात. एवढ्याने भागले नाही तर पाच मिनिटांच्या आत छाती उघडायची.

मायट्रल व्हॉल्वच्या दुरुस्तीनंतर रक्तदाब पडला की डोब्युटामिनकडे (हृदयाचे आकुंचन वाढवणाऱ्या औषधाकडे) हात जातो. पण व्हॉल्वचे पान बाहेरचा रस्ता अडवत असेल तर हृदय जोरात आकुंचन पावल्याने तो आणखी अरुंद होतो. इथे द्रव आणि बीटा ब्लॉकर. प्रत्यारोपित हृदयाला मज्जातंतू जोडलेले नसतात, त्यामुळे मंद ठोक्यांवर अॅट्रोपिन निरुपयोगी ठरते. आयसोप्रोटेरेनॉल (ठोके वाढवणारे औषध) किंवा पेसिंग निवडा.

रुग्ण थंड असताना दाब ठीक वाटतो, ऊब आली की रक्तवाहिन्या सैल होऊन तो घसरतो. हा प्रश्नही येणाऱ्यांपैकी आहे.

उत्तर देताना

तुमचे सर्जन काय करतात ते परीक्षेत विसरा. एका युनिटमध्ये पोटॅशियम ४ च्या खाली गेले की लगेच देतात, दुसरीकडे वाट पाहतात. प्रश्न मात्र मार्गदर्शक तत्त्वांवर बेतलेला असतो. चुकांच्या वहीत उत्तर उतरवू नका, चुकीचा पर्याय का आवडला ते एका ओळीत लिहा. आठवड्याभरात तीच चूक चौथ्यांदा दिसेल.

९० प्रश्न, दोन तास. प्रत्येकी ८० सेकंद. त्यातले १५ प्रश्न केवळ चाचणीसाठी असतात, पण ते कोणते हे कळत नाही. तेव्हा विचित्र प्रश्नावर अडून बसू नका. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, रिकामे काही सोडू नका. हिमोडायनॅमिक्सचे लांब प्रश्न खूण करून मागे ठेवा, ४५ मिनिटांनी घड्याळ पाहा आणि तोवर ३४ च्या मागे असाल तर वेग वाढवा. सर्टिफिकेट तीन वर्षे चालते आणि त्या काळात मूळ सर्टिफिकेशनही जिवंत ठेवावे लागते. दोन्हींच्या नूतनीकरणाच्या तारखा आजच फोनमध्ये टाकून ठेवा.