आधी टाळी, मग टेप, फोम सगळ्यात शेवटी

संगीताच्या खोल्यांचं अकूस्टिक काम, म्हणजे खोलीत आवाज नीट ऐकू यावा यासाठीचं काम, शिकायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: भिंतीवर आवाज शोषणारा फोम कुठला लावायचा? मी त्यांना रिकाम्या खोलीत मधोमध उभं करून टाळी वाजवायला सांगतो. समोरासमोरच्या उघड्या भिंतींतून ती तडतडत परत आली, की काम कुठे आहे ते कानालाच कळतं. मग मोजमापाची टेप काढायची.

समजा खोली ५ × ४ × ३ मीटर, म्हणजे ६० घनमीटर. आस, म्हणजे आवाज थांबल्यावर खोलीत रेंगाळणारा नाद, किती सेकंद टिकेल ते सांगणारं सूत्र अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ सॅबाइनचं: ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले खोलीतल्या सगळ्या पृष्ठभागांचं एकूण शोषण. गिलावा आणि फरशी मधल्या पट्टीतला आवाज जेमतेम तीन टक्के शोषतात, म्हणून आस जवळपास साडेतीन सेकंद रेंगाळते. त्यात तान अक्षरशः चिखल होते. आता तिथे वीस श्रोते बसवा. एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर पूर्ण शोषक पृष्ठभागाइतका आवाज शोषतो. आस थेट पाऊण सेकंदावर येते. सॅबाइनने १८९५ साली हार्वर्डच्या फॉग व्याख्यानगृहात शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून हेच मोजायला सुरुवात केली होती. म्हणून बैठकीची खोली रिकामी असताना थोडी घुमली तर घुमू द्या. ती मारून टाकलीत तर भरल्या बैठकीत गायकाला स्वतःचा आवाज परत मिळत नाही. रियाजाच्या खोलीत श्रोते नसतात, तिथला हिशोब वेगळा.

खरी डोकेदुखी खर्जाची. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत भिंतींमधला पहिला अनुनाद सुमारे ५६ हर्ट्झला येतो, आणि बेस गिटारची ए तार ५५ची! तो एकच सूर दणकतो आणि वादक अँपला शिव्या घालतो. ५५ हर्ट्झची लहर सहा मीटरहून लांब. दोन इंची फोमला तिचा पत्ताही लागत नाही. तो खातो झांजेची चमक आणि तबल्याची चाट. खोली एकाच वेळी मंदही होते आणि घुमतही राहते. (भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याबद्दल बोलायलाच नको.) कोपऱ्यांत फरशीपासून छतापर्यंत जाड रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) लावा, भिंतीवरच्या आवाज शोषणाऱ्या पॅनलमागे हवेची पोकळी सोडा. इतक्या खालच्या सुराला तेही अपुरंच पडतं. अँप आणि वादकाची जागा बदलून पाहणं स्वस्त. आरईडब्ल्यू हे मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, एक मोजणीचा माइक घ्या आणि आधीचा-नंतरचा आलेख ठेवा.

फोम घ्यायचाच तर आगीच्या चाचणीचा दाखला मागा. २००३ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या 'द स्टेशन' नाइटक्लबमध्ये रंगमंचावरच्या आतषबाजीने भिंतींवरचा फोम पेटला आणि १०० माणसं गेली. इथे घासाघीस करू नका.

आणि गिऱ्हाईक 'शेजारी तक्रार करतात' म्हणालं, तर ते काम वेगळं: जड भिंत, फटी बुजवलेला दरवाजा, इमारतीपासून सुटी केलेली फरशी. पॅनलने आवाज बाहेर जायचा थांबत नाही, हे आगाऊ रक्कम घेण्याआधी कोटेशनवरच लिहा.