लॅपटॉपवर ब्राउझर आपोआप उघडतोय? आधी पत्ता बघा, मग डिलीट करा

काही न करता ब्राउझरची विंडो उघडली, बंद केली, थोड्या वेळाने परत उघडली, की बहुतेक जण एकच म्हणतात, व्हायरस आला. मग घाईघाईत सर्चमधे जो पहिला फुकट क्लीनर दिसेल तो टाकतात आणि एक होतं तिथे दोन दुखणी होऊन बसतात, नाहीतर सरळ फॉरमॅट मारून मोकळे. जरा थांबा. हा प्रकार व्हायरसशिवायपण होतो, अडकलेल्या बटणाने होतो, वायफायने होतो, कधीतरी चुकून अलाऊ दिलेल्या वेबसाईटने होतो, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

तर पहिलं काम म्हणजे पुढच्या वेळी विंडो उघडली की लगेच बंद करू नका. मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढा, ॲड्रेस बार आणि कोपऱ्यातलं घड्याळ दोन्ही दिसलं पाहिजे. असे तीन-चार फोटो जमले की निम्मं काम झालं. दर अर्ध्या तासाने बरोबर ठोक्यावर उघडत असेल तर ते कोणीतरी टाईम लावून ठेवलेलं आहे, लॅपटॉप चालू केल्यावर एकदाच उघडत असेल तर स्टार्टअपचं काम, पेजवर क्लिक केल्यावरच नवीन टॅब येत असेल तर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेलं छोटं ॲड-ऑन, किंवा ती वेबसाईटच, आणि वेळेचा काही ताळमेळच नसेल तर आधी कीबोर्डवर संशय घ्या.

हो, कीबोर्ड. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरची विंडो उघडते आणि बिंगवर 'हाऊ टू गेट हेल्प इन विंडोज' असं काहीतरी आपोआप सर्च झालेलं असतं, हे दिसलं तर व्हायरस शोधण्यात वेळ घालवू नका, तुमचं एफ१ बटण दाबलं जातंय. विंडोजमधे एफ१ म्हणजे हेल्प, आणि हेल्प आता ब्राउझरमधे उघडते. बटणाखाली कचरा गेलेला असतो किंवा काहीतरी सांडलेलं असतं. नाहीतर एफएन लॉक (वरच्या रांगेतली बटणं आवाज-ब्राइटनेसची की एफ१, एफ२ ची, हे ठरवणारं सेटिंग) बदललेलं असतं, म्हणजे तुम्ही आवाज बंद करायला पहिलं बटण दाबता आणि लॅपटॉपला ते एफ१ वाटतं. तपासायला स्टार्टमधे 'ऑन-स्क्रीन कीबोर्ड' सर्च करून उघडा आणि हात बाजूला ठेवून नुसतं बघत बसा, एखादी की आपोआप उजळली तर चोर सापडला. लॅपटॉप बंद करून बटणाच्या कडेने हवा मारा, बाहेरचा कीबोर्ड लावलेला असेल तर तो काढून बघा. तात्पुरतं भागवायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज नावाचं फुकट ॲप आहे, त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरने ती एकच की डिसेबल करता येते.

दुसरा असाच निरुपद्रवी प्रकार वायफायचा. फोटोतल्या पत्त्यात 'एमएसएफटीकनेक्टटेस्ट' असे शब्द असतील किंवा सारखं एमएसएनचंच पेज उघडत असेल तर काय होतं ते समजून घ्या. नेटवर्क जोडलं की विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरची एक छोटीशी फाईल मागून बघतं की खरंच नेट आहे का. उत्तर नीट आलं नाही तर त्याला वाटतं की इथे लॉगिन पेज असणार, पब्लिक वायफायला असतं तसं, म्हणून ते ब्राउझर उघडतं. तोपर्यंत नेट आलेलं असतं, मग लॉगिन पेजऐवजी एमएसएन दिसतं. म्हणजे खरा आजार कनेक्शन तुटण्याचा आहे, व्हीपीएन वापरणाऱ्यांना तर जास्तच. वायफायचा ड्रायव्हर अपडेट करा, डिव्हाईस मॅनेजरमधे वायफाय ॲडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमधे पॉवर मॅनेजमेंट असेल तर वीज वाचवायला डिव्हाईस बंद करू द्यायची टिक काढा. रजिस्ट्रीतून (विंडोजची आतली सेटिंग्ज जिथे साठवलेली असतात तिथून) ही तपासणीच बंद करायचा उपाय बऱ्याच ठिकाणी सांगतात, मला तो पटत नाही, कारण मग खरंच लॉगिन पेज लागतं तेव्हा ते आपोआप येत नाही आणि नेट आहे की नाही हेपण विंडोज नीट सांगत नाही.

उजव्या कोपऱ्यात खाली 'तुमच्या पीसीत पाच व्हायरस सापडले' असे डबे येत असतील आणि त्यावर क्लिक केलं की विंडो उघडत असेल, तर ते नोटिफिकेशन आहे, बाकी काही नाही. कुठल्यातरी साईटने 'रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा' म्हटलं आणि आपण दाबलं. क्रोममधे सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साईट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन अलाऊच्या यादीतल्या अनोळखी साईट उडवा, आणि इथून पुढे कोणी विचारूच नये असं सेट करून टाका. एजमधेपण साधारण याच नावाने मिळेल.

आता खरोखर घुसलेल्या गोष्टींकडे येऊ. एक्स्टेन्शन सगळी बंद करा, एक दिवस वापरून बघा, त्रास थांबला तर एकेक चालू करत जा. काढून टाकलेलं एक्स्टेन्शन परत उगवत असेल तर एकतर ते सिंकमधून येतंय, म्हणजे त्याच अकाऊंटने साइन इन असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरूनही काढायला लागेल, किंवा ते पॉलिसीने, म्हणजे ऑफिसेस कॉम्प्युटरवर सक्तीने लावतात तशा नियमाने, बसवलेलं आहे. क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूत अगदी खाली 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' असं दिसतंय आणि लॅपटॉप तर तुमचा घरचा आहे, तर ही ऑर्गनायझेशन कोण? कधीकधी अँटीव्हायरसमुळे पण ही ओळ येते, पण बरेचदा ॲडवेअरने (जाहिराती माथी मारणाऱ्या सॉफ्टवेअरने) रजिस्ट्रीत सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गुगल, क्रोम या फोल्डरमधे आपलं एक्स्टेन्शन जबरदस्तीने लिहून ठेवलेलं असतं. तो भाग आधी एक्सपोर्ट करून ठेवा आणि मगच काढा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर हात लावू नका, आयटीवाल्यांना सांगा.

ब्राउझर पूर्ण बंद असतानापण घड्याळ लावल्यासारखी विंडो उघडते, आणि उघडायच्या आधी क्षणभर काळी चौकट चमकून जाते, हे लक्षण असेल तर थेट टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारं विंडोजचं टूल, स्टार्टमधे सर्च करून उघडा. डावीकडे टास्क शेड्युलर लायब्ररीवर क्लिक करा, मधे यादी येईल, एकेक टास्क निवडून खालचा ॲक्शन्स टॅब बघायचा. गुगल अपडेटर, एज अपडेट वगैरे नेहमीची मंडळी असतील, ती राहू द्या. आपल्याला शोधायचंय ते असं: प्रोग्रॅमच्या जागी 'सीएमडी' आणि त्यापुढे 'स्टार्ट' आणि एक वेबसाईटचा पत्ता, किंवा 'एक्सप्लोरर' आणि त्यापुढे पत्ता, किंवा पॉवरशेल (हेपण सीएमडीसारखं कमांड चालवणारं विंडोजचं टूल) आणि त्यापुढे न वाचता येणाऱ्या अक्षरांची लांबलचक माळ. ट्रिगर्स टॅबमधे 'दर ३० मिनिटांनी, कायमचं' असं दिसेल आणि तुमच्या फोटोतल्या वेळांशी ते जुळेल. नाव मात्र एकदम साळसूद असतं, अपडेट किंवा सर्व्हिस असलं काहीतरी, त्यामुळे नावावर जाऊ नका. अशा टास्कला लगेच डिलीट करू नका, राईट क्लिक करून डिसेबल करा आणि एक दिवस थांबा. शांतता झाली तर तोच होता. ॲक्शनमधे एखाद्या फाईलचा पाथ असेल, बहुतेकदा ॲपडेटा फोल्डरमधला, तर तो लिहून घ्या आणि टास्कबरोबर ती फाईलपण काढा, नाहीतर तीच परत नवीन टास्क बनवून ठेवते. मायक्रोसॉफ्ट नावाच्या फोल्डरच्या आत सिस्टीमची शेकडो टास्क असतात, तिथे अंदाजाने डिसेबल करत सुटू नका.

टास्क सापडलं नाही तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमधे कॉलमच्या नावावर राईट क्लिक करून 'कमांड लाईन' हा कॉलम चालू करा. विंडो उघडली की ब्राउझर कुठल्या पत्त्याने सुरू केला गेला ते तिथे दिसू शकतं. आणखी खोलात जायचं तर मायक्रोसॉफ्टचंच सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स आहे, आपोआप सुरू होणारं झाडून सगळं एकाच ठिकाणी दाखवतं, फक्त मायक्रोसॉफ्टच्या एंट्रीज लपवायचा पर्याय आधी चालू करा, नाहीतर यादी बघूनच डोकं गरगरेल.

स्टार्टअपचं पटकन. टास्क मॅनेजरमधला स्टार्टअप ॲप्सचा टॅब बघा. सेटिंग्जमधे अकाऊंट्स, साइन-इन ऑप्शन्स इथे रीस्टार्टनंतर ॲप्स परत उघडायचा स्विच असतो, तो बंद करा, कारण बरेचदा 'आपोआप उघडलेला' ब्राउझर म्हणजे आपण उघडाच ठेवून शटडाऊन केलेला ब्राउझर असतो. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनच्या प्रॉपर्टीजमधे टार्गेटची ओळ शेवटपर्यंत वाचा, शेवटी एखादी वेबसाईट चिकटवलेली असेल तर आयकॉन उडवून नवीन बनवा.

मग इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावा आणि त्रास सुरू झाला त्या सुमाराला काय काय आलं ते बघा. पीडीएफ कन्व्हर्टर, व्हिडीओ डाऊनलोडर, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, हे नेहमीचे यशस्वी. काढून टाका, आणि त्यानंतर स्कॅन करा. विंडोज सिक्युरिटीतला ऑफलाईन स्कॅन चांगला आहे, लॅपटॉप रीस्टार्ट करून विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासतो. मालवेअरबाईट्सचं ॲडवक्लीनर फुकट आहे आणि इन्स्टॉल करावं लागत नाही, फक्त त्यांच्या स्वतःच्या साईटवरूनच घ्या. क्रोममधला जुना 'क्लीन अप कॉम्प्युटर' शोधत बसू नका, गुगलने तो २०२३ मधे काढून टाकला. त्याऐवजी क्रोमचं रीसेट सेटिंग्ज वापरा, बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत.

मधेच फुलस्क्रीन पेज आलं, जोरात बीप वाजतोय, फोन नंबर दिलाय, तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमधे फोन नंबर नसतो. एस्केप दाबून धरा, नाही गेलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझरचं एंड टास्क करा, आणि परत उघडल्यावर 'रीस्टोअर' विचारेल त्याला नाही म्हणा. कोणाला रिमोटने लॅपटॉपचा ताबा देऊन झाला असेल तर आधी नेट बंद, मग दुसऱ्या डिव्हाईसवरून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला.

मॅकवाल्यांनी लॉगिन आयटम्स, सिस्टीम सेटिंग्जमधले अनोळखी प्रोफाईल्स आणि लायब्ररीतलं लाँचएजंट्स फोल्डर एवढं बघावं, ॲडवेअर बहुतेक तिथेच सापडतं.

हे सगळं करूनही थांबलं नाही तर 'रीसेट धिस पीसी' करायला हरकत नाही, फाईल्सचा बॅकअप घेऊन. फक्त नवीन विंडोजवर क्रोममधे साइन इन केल्यावर सिंकमधे एक्स्टेन्शन्सची टिक काढून ठेवा आणि लागतील तेवढी हाताने टाका, नाहीतर तो जुना पाहुणा पहिल्या दिवशीच परत हजर.