लॅटिनचा परफेक्ट टेन्स मराठीतून शिका, इंग्रजीतून नाही

लॅटिन शिकणाऱ्या बहुतेकांची गाडी परफेक्टपाशी अडते. माझी तर दोन महिने अडून होती, कारण मी सगळं इंग्रजी पुस्तकातून करून राहिलो होतो आणि तिथे प्रत्येक वाक्याला दोन-दोन अर्थ दिलेले, 'आय रोट' पण आणि 'आय हॅव रिटन' पण, मग नेमकं कोणतं हेच कळेना. एक दिवस वैतागून वहीत मराठी अर्थ लिहायला घेतले आणि अर्धा गोंधळ तिथेच संपला.

आधी अर्थ बघा. स्क्रीप्सी हा परफेक्ट, म्हणजे 'मी लिहिलं' किंवा 'लिहिलंय', काम झालं, विषय संपला. स्क्रीबेबम हा इम्परफेक्ट, म्हणजे काम तेव्हा चालू होतं. आता आपल्या नागपूरच्या बोलीत याला तयार शब्द आहे की, 'मी लिहून राहिलो होतो'. पुण्याकडचे मित्र या 'करून राहिलो' वर हसतात, हसू द्या, लॅटिनसाठी लय कामाचं आहे ते. वाक्यात 'राहिलो होतो' बसलं की इम्परफेक्ट, नाही बसलं की परफेक्ट. दहातल्या आठ वेळा जमतं.

आता रूपं. डिक्शनरीत प्रत्येक क्रियापदाची चार रूपं देतात, जसं स्क्रीबो, स्क्रीबेरे, स्क्रीप्सी, स्क्रीप्तुम. आपल्याला तिसरं पाहिजे. त्याच्या शेवटची ई काढा, राहिलं स्क्रीप्स, त्याला ई, इस्ती, इत, इमुस, इस्तिस, एरुन्त लावा (मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते), झालं. हे सहा प्रत्यय कोणत्याही क्रियापदाला बदलत नाहीत, अगदी 'असणे' चं फुई असो की 'नेणे' चं तुली. म्हणजे प्रत्यय एका संध्याकाळी पाठ होतात, खरी मेहनत तिसऱ्या रूपाचीच आहे आणि त्याला शॉर्टकट नाही बावा, पाढ्यासारखे चारही रूपं एका दमात मोठ्याने म्हणायचे. मी मेट्रोत लोकमान्य नगर ते सीताबर्डी ओठातल्या ओठात पुटपुटत जातो, शेजारचे काका स्तोत्र समजत असतील.

तरी थोडे गट पडतात. अमो चं अमावी, म्हणजे मधे व येतो. स्क्रीबो-स्क्रीप्सी, दीको-दीक्सी यांत स येतो. तिसरा गट माझा लाडका, पहिलं अक्षर डबल होतं: कुर्रो (धावतो) चं कुकुर्री, मोर्देओ (चावतो) चं मोमोर्दी, तुन्दो (मारतो) चं तुतुदी. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर लिट् लकार (परोक्ष भूतकाळ) आठवा, तुद् चं तुतोद! हा योगायोग नाही, दोन्ही भाषा एकाच घराण्यातल्या आणि ही द्विरुक्ती तिथूनच आलेली.

चौथ्या गटात फक्त स्वर लांबतो आणि इथे देवनागरी कामी येते. सीझरने इ.स.पू. 47 मध्ये झेलाची लढाई जिंकली त्यावरचं वेनी, वीदी, वीकी ('आलो, पाहिलं, जिंकलं') सगळ्यांना माहीत आहे (वेनी म्हणजे केसांतली नाही), त्यातले तिन्ही याच जातीचे: विदेओ चं वीदी, विन्को चं वीकी (इथे न पण गळतो). फुगित म्हणजे तो पळतो, फूगित म्हणजे तो पळाला. रोमन लिपीत डोक्यावर रेघ छापली नसेल तर दोन्ही सारखेच दिसतात, आपल्या वहीत ऱ्हस्व-दीर्घ आपोआप दिसतो. फक्त ए आणि ओ ला आपल्याकडे ऱ्हस्व खूण नाही, त्यामुळे वेनित म्हणजे 'येतो' की 'आला' हे संदर्भावरून ओळखायचं, किंवा माझ्यासारखी लाल पेनने रेघ मारायची.

पॅसिव्हमध्ये (कर्मणी प्रयोगात) तर इंग्रजीवाले रडतात. एपिस्तुला स्क्रीप्ता एस्त. एस्त म्हणजे 'आहे', म्हणून ते वर्तमानकाळ समजून 'लिहिली जाते' असं करतात आणि चुकतात. मराठीत शब्दाला शब्द ठेवा: चिठ्ठी लिहिली आहे. झालं भाषांतर! लिंगसुद्धा आपल्यासारखंच बदलतं, लिबेर स्क्रीप्तुस एस्त म्हणजे ग्रंथ लिहिला आहे, दोनुम दतुम एस्त म्हणजे दान दिलं आहे. फक्त त्यांचं लिंग आणि आपलं लिंग एकच असेल असं धरू नका. सीझरने रुबिकॉन नदी ओलांडताना म्हटलं म्हणतात ते यक्ता आलेआ एस्त घ्या, त्यांचा आलेआ स्त्रीलिंगी म्हणून यक्ता, आपला फासा पुल्लिंगी म्हणून 'टाकला'. मी इथे हमखास चुकायचो, आता नाम पाठ करताना लिंग सोबतच करतो.

थोडी विचित्र मंडळीही आहेत. मेमिनी दिसतो परफेक्ट पण अर्थ 'मला आठवतं'. नोवी म्हणजे 'मला माहीत आहे', पण शब्दशः 'मला कळलंय', आणि कळलंय म्हणजे आता माहीतच आहे ना.

आणि काम 'संपलं' म्हणजे किती संपलं ते बघायचं तर वीक्सेरुन्त बघा. इ.स.पू. 63 मध्ये रोमची सत्ता उलथवू पाहणाऱ्या कॅटिलिनच्या कटातल्या लोकांना मृत्युदंड दिल्यावर तेव्हाचा कॉन्सल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) सिसेरोने बाहेर थांबलेल्या लोकांना एवढंच सांगितलं असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो. शब्दशः अर्थ 'ते जगले'. मेले म्हणायचं नाही म्हणून असं. आपण 'ते गेले' म्हणतो तसंच.

सुरुवात करणाऱ्यांनी रोज पाचच क्रियापदं घ्या, चारही रूपांसकट, आणि प्रत्येकाचं एक वाक्य 'राहिलो होतो' चं, एक 'केलं' चं लिहा. 'नेणे' चं फेरो, फेर्रे, तुली, लातुम मात्र पहिल्याच दिवशी घोकून टाका, त्यात लॉजिक शोधायला गेलात तर तर्री-पोहे थंड होतील.