ठणका थांबला म्हणून दाढ बरी होत नाही: दातांच्या या चुका टाळा

दाढ ठणकायला लागते ती बहुतेक रात्रीच. घरात लवंग असते, हिंग असतो, आणि कुणीतरी तंबाखूची चिमूट दाबून धरायचा सल्ला देतोच. सकाळी मेडिकलचं शटर वर गेलं की वेदनेची गोळी, अँटिबायोटिक आणि पित्ताची कॅप्सूल असा पुडा हातात पडतो. दोन दिवसांत ठणका बसतो. दवाखान्यात यायचं राहतं ते राहतंच, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

ठणका थांबतो, कारण गोळीने सूज उतरते किंवा आतली नस मरते. मेलेली नस दुखत नाही, पण तिच्यात रक्तही फिरत नाही. त्यामुळे पोटात घेतलेलं अँटिबायोटिक तिथवर पोहोचतच नाही. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. काही महिन्यांनी एका सकाळी गाल सुजलेला असतो. साधं सिमेंट भरून वाचली असती अशी दाढ तोवर रूट कॅनॉलवर किंवा थेट काढण्यावर आलेली असते.

दुखण्यावरची गोळी हिरडीवर ठेवून झोपणारेही कमी नाहीत. ती गोळी गिळायची असते. हिरडीवर ठेवली तर तेवढी जागा भाजते, पांढरी पडते, सोलून निघते, आणि सकाळी दाढ आणि हिरडी अशी दोन दुखणी होतात. गाल सुजला असेल तर बाहेरून गरम शेकू नका. सूज जबड्याखाली किंवा डोळ्याकडे सरकत असेल, ताप असेल, तोंड उघडेना किंवा घास गिळवेना, तर उद्यावर ढकलू नका. मोठं रुग्णालय गाठा.

दुसरी चूक अर्धवट रूट कॅनॉलची. पहिल्या भेटीत नस काढून वर तात्पुरतं सिमेंट लावलं की आराम पडतो आणि पेशंट दिसेनासा होतो. बीड, धारूर, केज, पाटोदा या भागात याला आळशीपणा म्हणणं मला पटत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, गाडी दारात उभी असते. दाढेसाठी कोण थांबणार? परत येईपर्यंत उन्हाळा लागतो. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजतं, फुटतं, घाण आत जाते आणि पोकळ झालेली दाढ भाकरीच्या कडक पापुद्र्यानेही चिरते. उभी चिरली तर ती वाचवता येत नाही. म्हणून खुर्चीत बसल्याबसल्या सांगा, ‘डॉक्टर, अमुक तारखेला जायचंय.’ डॉक्टरांनीही आधी हेच विचारावं. बऱ्याच दाढांचं काम एका बैठकीत उरकता येतं. ते जमणार नसेल तर दाढ काढणं बरं, अर्धी उघडी टाकणं नको. रूट कॅनॉलनंतर दाढेवर बसवायची कॅपही ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून सोडू नका.

पैशांची गोष्ट शेवटी काढणं ही चूक दोन्ही बाजूंची. पेशंट संकोचाने विचारत नाही, डॉक्टर ओघात सांगत नाही, आणि तिसऱ्या भेटीत कॅपचा आकडा ऐकून विश्वास उडतो. एक्स-रेपासून कॅपपर्यंतचा पूर्ण आकडा दाढ उघडण्याआधी केसपेपरवर लिहून मागा. हप्ते पाडून हवे असतील तर तेही तेव्हाच बोला. आणखी एक गोष्ट आमच्याकडे फार दिसते: खुर्चीत बाई, आणि ‘काढून टाका’ हा निर्णय बाहेर मोटारसायकलवर बसलेल्याचा. घरच्यांना आत बोलवावं, एक्स-रे दाखवावा, पण ‘तुम्हाला काय वाटतं?’ हे विचारावं तिलाच. चावायचं तिला आहे.

‘मावशी, तंबाखू खाता का?’
‘नाही ओ.’
‘मिश्री?’
‘ती तं दात घासायला आहे, खातंय कोण?’

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात साफ होत नाहीत. हिरड्या खाली सरकतात, मुळं उघडी पडतात आणि कॅन्सरचा धोका तंबाखूचाच. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, पुड्या कुठे मिळतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पेशंटला ओरडून उपयोग नाही, तो पुढच्या वेळी लपवतो. घरी एवढं तपासा: आपलीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का? जात नसतील, तिखट पूर्वीपेक्षा जास्त झोंबत असेल किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर दाखवा.

किनवटसारख्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडतं. त्याने पडलेले तपकिरी डाग मळ समजून राखेने, विटेच्या भुकटीने घासू नका. डाग जात नाही, वरचं कवच जातं. पाणी उकळूनही फ्लोराइड कमी होत नाही. लहान मुलं असलेल्या घरी पाणी तपासून घ्या, लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर असेल तर प्यायला आरओचं किंवा दुसऱ्या स्रोताचं पाणी वापरा.

वरची दाढ काढल्याने नजर जाते, हे खोटं. साफसफाईने दात हलतात, हेही. किटणाने हिरडी आधीच सोडलेली असते, साफ केल्यावर ते कळतं एवढंच. शुगर, बीपी, रक्त पातळ करायची गोळी, दिवस गेलेले असणं, यातलं काहीही डॉक्टरांपासून लपवू नका. आणि रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नका.

दाढ काढल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. थुंकू नका, लाळ गिळा. पहिले 24 तास चूळ नको, गरम चहा नको, तंबाखू तर मुळीच नको. खड्ड्यात जमलेली रक्ताची गाठ निघून गेली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका जातो. तेव्हा ‘डॉक्टरने दाढ बिघडवली’ म्हणत दुसरं गाव गाठण्यापेक्षा त्याच दवाखान्यात या. खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली की ठणका बहुतेक वेळा त्याच दिवशी उतरायला लागतो.