कैद्याची रजा: घरच्यांनो, या चुका टाळा

विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर मी वकील आहे. विदर्भातल्या कैद्यांचे फर्लो-पॅरोलचे अर्ज, ते फेटाळले की अपील, तिथेही नाही जमलं की हायकोर्टात रिट, हे गेली कित्येक वर्षं करते आहे. दर महिन्याला माणसं नवी येतात, चुका त्याच घेऊन येतात. आपल्या माणसाला बाहेर काढायची घाई सगळ्यांना असते, त्याला परत पाठवायची तारीख मात्र कुणाच्याच कालनिर्णयवर लिहिलेली नसते.

आधी हे बघा की आपला माणूस पक्का कैदी आहे की कच्चा. खटला चालू असेल तर ही रजा त्याच्यासाठी नाही, त्याने जामीन मागायचा. शिक्षा लागलेल्याला 1959 च्या फर्लो-पॅरोल नियमांखाली दोन तऱ्हेची रजा मिळते. संचित रजा म्हणजे फर्लो. ठरावीक काळ शिक्षा भोगून झाली आणि वागणूक बरी असली की घरी जाऊन यायला ती मिळते, तिला कारण लागत नाही. अभिवचन रजा म्हणजे पॅरोल, तिला कारण लागतं: आईवडील, नवरा-बायको किंवा मूल गंभीर आजारी, बायकोचं बाळंतपण, घर पडणं, पूर, आग, भूकंप. घरात मृत्यू झाला किंवा मुलाबाळांचं, भावंडांचं लग्न निघालं तर तातडीचा पॅरोल, तो जेल अधीक्षकांच्या हातात असतो. मामा-काका या यादीत नाहीत. मामा वारला म्हणून कुणी रडत आलं की मलाही वाईट वाटतं, पण तो अर्ज मंजूर होत नाही.

या दोन रजांमधला फरक न कळल्याने लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. तीस दिवस पॅरोल घेतला की ते तीस दिवस पुढे कधीतरी भोगायचेच असतात. फर्लो मिळण्यासारखा असताना आजारपण उकरून काढून पॅरोल मागायला आलेल्यांना मी हा हिशेब पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवते. निम्मे तिथूनच परत जातात.

बराकीत ऐकलेलं आणखी एक: ‘फर्लो आपला हक्क आहे, नाही म्हणूच शकत नाहीत.’ म्हणू शकतात. गुजरातेतही हेच 1959 चे नियम चालतात. तिथल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये स्पष्ट केलं की फर्लो हा पूर्ण हक्क नाही. गुन्ह्याचं स्वरूप आणि सार्वजनिक शांतता बघून तो नाकारता येतो.

आता जामीनदार. रजेवर येणाऱ्याला घरात घेणारा आणि त्याची हमी लिहून देणारा नातेवाईक लागतो, आणि अर्ज गेला की पोलीस त्याच्या पत्त्यावर चौकशीला जातात. एकाने पुण्यातल्या चुलत्याचं नाव टाकलं होतं, चुलत्याला न विचारता. शिपाई दारात गेला तेव्हा काकू एकट्याच होत्या. त्या म्हणाल्या, ‘आमचा त्याच्याशी काही संबंध नाही.’ शेजारी ऐकत असताना दुसरं काय बोलणार? अहवालात आलं: नातेवाईक स्वीकारण्यास तयार नाहीत. अर्ज फेटाळला, अपीलही गेलं, वर्ष वाया. म्हणून मी जामीनदाराला आधी माझ्यासमोर बसवते. आधारवरचा पत्ता आणि राहता पत्ता एकच आहे का बघते. आणि घरातल्या बायकांना फोन लावून सांगते की पोलीस येतील, घाबरू नका, ‘हो, आम्ही ठेवून घेतो’ एवढंच सांगा. बाप्ये सह्या करतात, पण दार उघडायला बायका असतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक मुदतवाढीची. जन्मठेपेचा एक कैदी, तीन फर्लो स्वच्छ, प्रत्येक वेळी वेळेत हजर. आईची किडनी गेली म्हणून पॅरोलवर आला. मुदत संपायला पाच दिवस असताना त्याने वाढ मागणारा अर्ज दिला, आवक शिक्का मारून घेतला. मेव्हण्याने सांगितलं, ‘शिक्का बसला म्हणजे मिळालीच समज.’ हा राहिला. मला कळलं तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. बहिणीने फोन केला होता, तोही दुसऱ्याच कशासाठी तरी. बोलता बोलता म्हणाली, ‘दादा आहे ना अजून घरीच, आईचं डायलिसिस करून आणतोय.’ मी ओरडले. तरी त्याला निघायला पाच दिवस लागले, कारण मेव्हण्याला माझ्यापेक्षा कायदा जास्त कळत होता. नवव्या दिवशी तो स्वतःहून गेटवर हजर झाला. तोवर गुन्हा नोंदला गेला होता, जुन्या दंड संहितेचं कलम 224, आता भारतीय न्याय संहितेत ते 262 आहे. माफीचे दिवस, म्हणजे चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत मिळालेली सूट, कापले ते वेगळेच. उशिराच्या एका दिवसाला माफीचे पाच दिवस, या हिशेबाने कापणी झाल्याची प्रकरणं हायकोर्टापर्यंत गेलेली आहेत. त्याच्या पुढच्या प्रत्येक अर्जावर एकच शेरा: यापूर्वी मुदतीत हजर झाला नाही. आई पुढच्या वर्षी गेली. मातीला तो पोलिसांच्या पहाऱ्यात काही तास येऊन गेला. मेव्हणा मात्र अजून गावात लोकांना सल्ले देतो.

तेव्हा नीट ऐका. वाढीचा अर्ज म्हणजे वाढ नव्हे. लेखी आदेश हातात नसेल तर शेवटच्या दिवशी गेट गाठायचं, मग अर्जाचं काय व्हायचं ते होऊ दे. माझे अशील सकाळी अकराला गेटवर असतात, संध्याकाळच्या बंदीची वाट बघत नाहीत. आदल्या रात्री त्याच शहरात मुक्काम करायला लावते. चिडतात. चिडू देत.

खरीच अडचण आली तर काय करायचं, हे भामरागडकडच्या एका माणसाकडून शिकावं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत. याची परतीची तारीख नेमकी त्यात सापडली. शाळा चौथीपर्यंत, पण डोकं ठिकाणावर. सकाळीच ठाण्यात गेला, ‘मला जायचंय, पूल पाण्याखाली आहे’ असं सांगून स्टेशन डायरीत नोंद करून घेतली, तिथूनच जेलला फोन लावायला सांगितला. पाणी उतरल्या दिवशी निघाला, दोन दिवस उशिरा पोचला, नोंदीची प्रत खिशात. खुलासा घेतला, समज दिली, विषय संपला. त्याच मोसमात दुसरा एकजण ‘एसटी मिळाली नाही’ म्हणत सहा दिवस उशिरा आला, हातात कागदाचा चिटोराही नाही. त्याचं मी काय करणार?

हजेरीबद्दल. सिनेमात बघून काहींना वाटतं की पॅरोलवाल्यावर नेमलेला एखादा अधिकारी घरी येईल, चहा घेईल, विचारपूस करेल. तसला अधिकारी अमेरिकेत. आपल्याकडे रजेच्या आदेशात जे ठाणं लिहिलंय तिथलं रजिस्टर, तिथली सही आणि तिथला हवालदार, एवढीच देखरेख. म्हणूनच ती हलक्यात घेऊ नका. ठरलेला पत्ता परवानगीशिवाय सोडायचा नाही. एकजण नवस फेडायला तुळजापूरला गेला, दोनच दिवस, आणि नेमका त्याच दिवशी हवालदार घरी येऊन गेला. कुलूप बघून त्याने लिहिलं, ‘दिलेल्या पत्त्यावर आढळून आला नाही.’ कैद्याने दुसरं काहीही वावगं केलं नव्हतं, पण पुढच्या फर्लोच्या वेळी फाइलमध्ये पहिला कागद हाच. देवीला जायचंच असेल तर आधी अर्ज द्या, परवानगी मिळाली तरच निघा. आणि प्रत्येक सहीचा दिवस घरातल्या कुणीतरी वहीत लिहून ठेवा, ड्यूटीवर कोण होतं त्याच्या नावासकट.

कोविडचा पॅरोल आठवतो? मे 2020 मध्ये नियमांत भर घालून बऱ्याच कैद्यांना सोडलं, दर 30 दिवसांनी ठाण्यात हजेरी लावायची अटही होती. दोन वर्षं घरी राहिल्यावर काहींना वाटलं की सरकारने सोडूनच दिलं. मे 2022 मध्ये परत बोलावलं तेव्हा त्यांचे फोन बंद. त्यातले काही अजून माझ्याकडे येतात, गुन्हा आणि कापलेली माफी घेऊन.

आजारपणाचे विकतचे दाखले आणू नका. पोलीस दवाखान्यात जाऊन विचारतात, आणि खोटं निघालं तर दाखला आणणाराही आत जातो.

पीडिताच्या घराकडे फिरकायचं नाही. समेट करायलाही नाही.

गेटसमोरच्या टपरीवर ‘आतून काम करून देतो’ म्हणणारा भेटेल. त्याला पाच हजार देऊन आलेल्या एका बाईंचा अर्ज जेलमध्ये आवकच झालेला नव्हता. अर्ज कैद्याला आतूनच देता येतो, त्याला पैसे लागत नाहीत.

अर्ज फेटाळला तर तोंडी ‘नामंजूर’ ऐकून घरी जाऊ नका. आदेशाची प्रत मागा, कारण वाचा. ‘पळून जाण्याची शक्यता’ एवढंच मोघम लिहिलेलं असेल तर भांडायला जागा असते. ‘जामीनदार तयार नाही’ असेल तर आधी काकूंकडे जा. वकिलाची फी परवडत नसेल तर कैद्याने आतल्या विधी सेवा कक्षात अर्ज द्यावा. कोठडीत असलेल्या माणसाला वकील फुकट मिळतो, मग त्याच्या घरी दहा एकर संत्र्याची बाग का असेना. येताना मागच्या प्रत्येक रजेची सुटल्याची आणि हजर झाल्याची तारीख लिहून आणा. मी पहिल्यांदा तेच विचारते.