अमार्नाच्या महालातली हिरवी भिंत फळीवर उतरवताना

मी नाटकांचं नेपथ्य रंगवते. इजिप्तचा राजवाडा हवा म्हटलं की निर्माते आधी सोनेरी रंग आणायला सांगतात. मी माती मागवते. तिथली मोठी देवळं दगडाची, पण राजा राहायचा तो वाडा उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांचा. त्यावर चिखलाचा गिलावा, त्यावर जिप्समचा पांढरा हात आणि मग चित्रं. महालाचा खरा थाट या चित्रांत होता.

नमुना म्हणून अखेनातेन राजाच्या राजधानीतला, म्हणजे आजच्या अमार्नातला, उत्तर महाल घ्या. काळ इसवीसनपूर्व चौदावं शतक. तिथल्या एका खोलीत भिंतभर पपायरसचं, म्हणजे पाणथळीत वाढणाऱ्या उंच लव्हाळ्याचं, बन रंगवलं होतं. त्यात पारवे होते आणि पाण्याकडे सूर मारणारा काळा-पांढरा खंड्याही. १९२०च्या दशकात उत्खननात ती भिंत सापडली. चित्रकार नीना डेव्हिस यांनी तिच्या रंगीत प्रतिकृती केल्या म्हणून बरं, कारण मूळ चित्र पुढे फार खराब झालं. खंड्याची प्रतिकृती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आहे. ती मोठी करून नीट पाहा, मगच माती भिजवा.

दोन बाय तीन फुटांची जाड प्लायची फळी पुरते. तिच्यावर कोंबडीजाळी ठोकून घ्या. नदीकाठची पोयट्याची माती दोन भाग, चाळलेली वाळू एक भाग आणि बारीक केलेलं भाताचं काड मूठ-दोन मूठ. नाईलचा गाळही वाळताना तडकतो, म्हणून तिकडेही त्यात काड घालत. हे मिश्रण तीन-चार दिवस भिजत ठेवा, रोज तुडवा. काड मऊ झालं की अर्ध्या इंचाचा थर द्या आणि सावलीतच वाळू द्या. भेगा पडतील. त्यांवर पातळ चिखलाचा दुसरा हात घासून भरा. या कामात घाई केली तर पुढचं सगळं पोपडे होऊन गळतं.

माती पूर्ण वाळली की पाणी शिंपडून प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ हात द्या. ते भराभर घट्ट होतं, म्हणून वाटी-वाटीनेच कालवा. अगदी गुळगुळीत करू नका, हाताचे चढउतार राहू द्यात.

आखणीसाठी गेरूत भिजवलेली दोरी ताणून सूत मारा. आपले सुतार मारतात तसंच. इजिप्तचे चित्रकारही लाल गेरूच्या दोरीनेच आखत.

रंग मोजकेच लागतात: गेरू, पिवडी (पिवळी माती), काजळी, खडूची पांढरी पूड आणि निळा. त्यांचा निळा वाळू, चुना, तांबं आणि क्षार भट्टीत भाजून केलेला असे. आपण कोबाल्ट निळ्यात चिमूटभर पांढरा घालू. कपड्यांची नीळ वापरू नका, ती जांभळट पडते. हिरव्यासाठी याच निळ्यात पिवडी मिसळा. चकचकीत पिवळ्यासाठी ते हरताळही वापरत, पण त्यात आर्सेनिक असतं, त्याला हात लावू नका.

चिकटवायला बाभळीचा डिंक. नाईलकाठी हीच बाभूळ वाढते. एक भाग डिंक दोन भाग पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. रंगात घालून एका कोपऱ्यात फटकारा मारा. वाळल्यावर बोटाला रंग लागला तर डिंक वाढवा, तकाकी आली तर कमी करा.

आता चित्र. तळाशी निळ्या पाण्याचा पट्टा, त्यावर काळ्या नागमोडी रेषा. शिंदीच्या काडीचं टोक ठेचून कुंचला करा आणि पपायरसचा देठ एका ओढीत वर न्या, वर पंख्यासारखा तुरा. देठ दाटीवाटीने येऊ द्यात. आधी बन, मग पक्ष्यांच्या जागा पांढऱ्याने झाका. रंग सपाट हवा, छायाप्रकाश कुठेही नको. पारवे खरं तर कड्याकपारीत राहणारे, पपायरसच्या दलदलीत राहणारे नव्हेत. तरी राजाच्या चित्रकाराने ते रंगवले आहेत, तेव्हा तुम्हीही रंगवा. खंड्या मात्र घाईत काढू नका. चोच खाली, पंख मागे, शेपूट ताठ. तो बसला की भिंत जिवंत होते.

वरून व्हार्निश नको. चकाकी आली की मातीची भिंत प्लास्टिकची दिसू लागते. फळी जड होते, तेव्हा टांगण्यापेक्षा कोरड्या जागी टेकवून ठेवा आणि धूळ ओल्या फडक्याने न पुसता मऊ पिसाने झटका.